दुसरी प्रत

२००४ च्या जूनमध्ये मी ज्या माध्यमिक शाळेत लागले, ती ‘कायम विनाअनुदानित’ होती. रुजू होताना सचिवांनी दोन कागदांवर सह्या घेतल्या. एक रुजू अहवाल. दुसरा कोरा. ‘सगळेच देतात,’ म्हणाले. बीएड होऊन दोन वर्षं घरी बसलेली मी, दिली सही.

पगार नव्हताच. गाव आम्हाला ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणायचं. आठवडाभर शाळा, संध्याकाळी शिकवण्या, हंगामात रविवारी द्राक्षबागेत डिपिंगला.

२००८ च्या मे महिन्यात पत्र आलं : आपला राजीनामा मंजूर करण्यात आला आहे.

शिक्षक संघटनेचे तालुका कार्यवाह शेजारच्या गावात, पूर्ण अनुदानित शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांची सभासदही नव्हते. गेले तेव्हा सर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मूठभर माझ्यापुढे सरकवल्या, पत्र दोनदा वाचलं आणि खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक आणलं. खाजगी शाळांचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा. कलम ७ वर बोट ठेवलं : राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी आपल्याजवळ.

“बाई, तुमची दुसरी प्रत कुठंय?”

“नाही सर.”

“पोस्टाची पावती?”

“तीही नाही.”

“झकास,” म्हणाले.

मग कलम ९. शाळा न्यायाधिकरणात अपील, मुदत तीस दिवस. बावीस गेले होते. सरांच्या एमएटीवर बसून आम्ही वकिलाकडे गेलो. मसुदा टाइप होतोय हे कानावर जाताच संस्थेनं मला मुकाट्यानं हजेरीपटावर घेतलं.

२००९ साली ‘कायम’ हा शब्द निघाला, पण अनुदान काही आलं नाही. मूल्यांकन, त्रुटी, पूर्तता, परत त्रुटी. आझाद मैदानावर आम्ही किती वेळा बसलो, मोजलं नाही. घोषणा अनुदानितवाल्यांनाही पाठ होत्या. रात्रीच्या गाडीला मात्र थोडेच यायचे. सर यायचे. त्यांचा पगार दरमहा होत होता, तरी सतरंजीवर आमच्या शेजारी, उशाला फायलींची पिशवी.

२०१६ साली वीस टक्क्यांचा निर्णय झाला. यथावकाश खात्यात पैसे पडले. पेढे आणि पाकीट घेऊन मी सरांकडे गेले. ते निवृत्त झाले होते. त्यांनी पावतीपुस्तक काढलं, एका वर्षाची वर्गणी लिहिली आणि उरलेले पैसे मोजून परत दिले.

“आणि मागच्या वर्षांची?”

“ती भरलीय.”

कपाटातून जुनी पुस्तकं निघाली. वर्षाला एक पावती, निळ्या कार्बनात, सरांच्या तिरप्या अक्षरात माझं नाव. सगळ्यांत जुनी २००८ ची होती. तारीख पाहिली. शेंगा खाल्ल्या, त्याच दुपारची.