सांध्यातला खेळ

यंत्राचे काही दोष मोठा आवाज करीत येतात. सांध्यात शिरलेली ढिलाई मात्र महिनोन्‌महिने मुक्काम करून असते आणि वापरणाऱ्याचे शरीर नकळत तिच्याशी जुळवून घेते. मोटारसायकलचा गिअर बदलणारे पाऊल पूर्वीपेक्षा किंचित अधिक दाबू लागते, आणि काही दिवसांनी त्या अधिक दाबण्याचीच सवय होते.

मलकापूरच्या शाळेत शिकवून रोज आंबा घाट उतरून साखरप्याला परतणाऱ्या एका शिक्षकाचे असेच झाले होते. पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी, उतारावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर अधांतरी राहिला. इंजिनाचा रोध संपला, गाडी मोकळी सुटली आणि वळण समोर आले. ब्रेकने त्या दिवशी लाज राखली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ते मिस्त्रीच्या दारात उभे राहिले.

“शाफ्टावर वेल्डिंग मारून द्या, मिस्त्री. अंधाराआधी घाट उतरायचाय.”

मागणी जगावेगळी नव्हती. झिजलेल्या दात्यांवर लिव्हर कायमचा जोडून टाकण्याची रीत गावोगाव आहे. काम पाच मिनिटांत होते. पण त्या आचेने शाफ्टाभोवतीचे ऑइल सील जळू शकते, आणि पुढे आतले काही काढायचे झाले तर लिव्हर कापावा लागतो.

“मारतो की, गुरुजी. पण आधी खेळ कुठं हाय ते तर बघू,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी शिक्षकांना गाडीशेजारी बसविले, शाफ्टावरच्या आखूड दांडीवर त्यांचे बोट ठेवविले आणि स्वतः पॅडल हाताने हळूहळू दाबू लागले. पॅडल बोटभर खाली गेले, तरी दांडी हलली नव्हती. पायाचा हुकूम वाटेतच कुठेतरी विरत होता. मिस्त्रींनी एकेका सांध्यावर अंगठा ठेवून पाहिले. पॅडल ज्या खुंटीवर फिरते तिथली बुश झिजून लंबगोल झाली होती. रॉडच्या पुढच्या टोकाचा बॉल जॉइंट चिखलपाण्याने खाल्ला होता. रॉडाकडची भुजा ४ सेंटिमीटरची आणि पायाकडची १२ सेंटिमीटरची असेल, तर या सांध्यातली १ मिलिमीटरची ढिलाई पावलाखाली ३ मिलिमीटर होते.

शेवटी त्यांनी दांडी व शाफ्ट यांवर एक सरळ खूण केली, बोल्ट सोडवून दांडी उतरवली आणि दाते उजेडात धरले. दाते शाबूत होते. वेल्डिंग झाले असते ते नेमके निर्दोष जागी.

मग नवी पितळी बुश बसली, बॉल जॉइंट बदलला, सांध्यांत ग्रीस गेले. दांडी खुणेवर परत चढली. रॉडच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात. त्यामुळे रॉड नुसता फिरवला की लांबी कमी-जास्त होते. पॅडल बुटाच्या उंचीला आले तेव्हा दोन्ही चेकनट आवळले गेले.

शिक्षकांनी पॅडल हलवून पाहिले. “अजून जरासं हलतंय.”

“तेवढं पायजे, गुरुजी. सांधा पार आवळला तर पॅडल आपल्या जागी परत येत नाही. आन् ते परत आल्याबिगर पुढचा गिअर पडत नाही.”

अंधार केव्हाच पडला होता. घाटात त्याच वळणाआधी शिक्षकांनी क्लच दाबून पॅडल खाली केले. अर्ध्या दाबातच दुसरा गिअर पडला. क्लच सुटताच इंजिनाने गाडीला आवरून धरले. पाऊल मात्र जुन्या सवयीने अजून दाबतच होते. ती सवय सुटायला आणखी काही दिवस जाणार होते.