भजनाला निमंत्रण नसते

वाचकहो, मंगळवेढ्याला तुम्ही आला असाल तर बहुधा पंढरपूरला जाता-येताच आला असाल. पंढरपुराहून पंचवीसएक किलोमीटर, सोलापुराहून पंचावन्नच्या आसपास. स्टँडवर उतरायचे, दामाजीपंतांच्या देवळात डोके टेकायचे, चोखोबांचे दर्शन घ्यायचे, चहा प्यायचा आणि पुढची गाडी धरायची, असा बहुतेकांचा रिवाज. माझे सांगणे एवढेच, की पुढच्या खेपेला एक रात्र मुक्काम करा. शक्यतो एकादशीची रात्र, आणि शक्यतो एखाद्या खेड्यात. सोयरेधायरे तिथे नसले तरी अडत नाही. भजनाला निमंत्रण नसते.

मी शेतीखात्यातला माणूस, गाण्यातला नव्हे. शाळेत गाण्याच्या तासाला गुरुजींनी मला मागच्या बाकावर बसवून, "तू नुसते ओठ हलव," असे सांगितले होते. तेव्हा रागदारीचे काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. नोकरीच्या निमित्ताने या तालुक्यात हिंडताना जे कानावर पडले आणि डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगतो.

आधी जमिनीचे सांगू द्या, कारण इथले भजन जमिनीच्या वेळापत्रकावर चालते. मंगळवेढ्याची काळी रानं तुम्ही उन्हाळ्यात पाहिलीत तर भेगांत हात जाईल अशी फाटलेली असतात. उत्तरा-हस्ताचा पाऊस त्यांनी पोटात घेतला, की त्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. वर पाण्याचा थेंब न पडता थंडीच्या दवावर ती पोसते. 2016 साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा शहरातली मंडळी विचारू लागली की असे काय आहे तिच्यात. हुरड्याच्या दिवसांत या, म्हणजे कळेल. तर पेरणी उरकली, कार्तिकीची वारी झाली, की काढणीपर्यंत रानात कामे थोडी. राखण आणि एखादी कोळपणी. रात्री लांब. याच दिवसांत देवळातले टाळ खुंटीवरून खाली येतात. माघात ज्वारी उपटायला लागली, की हातांना फोड येतात आणि मग टाळ धरवत नाहीत.

मी नवीन असताना दिवसा सभा घेत असे. बीजप्रक्रिया, ओलावा टिकवणे, असे विषय. चावडीत सतरंजी अंथरलेली, फळ्यावर खडूने आकृती काढलेली, आणि समोर पाटील, शिपाई आणि झोपलेले एक कुत्रे. एका म्हाताऱ्या आबांना माझी कीव आली असावी. म्हणाले, "साहेब, दिवसा कोण गावतंय हितं? एकादशीला रातच्याला देवळात या. समदं गाव आसतंय. पर भजनात बियाणाचं काढू नका. चहाच्या टायमाला काढा."

तसा मी पहिल्यांदा गेलो. आजवर त्या बैठकीचा जो रिवाज पाहिला तो सांगतो. साडेनऊच्या सुमारास माणसे जेवून येऊ लागतात. कोणी पेटीचा भाता उघडून बघतो, कोणी दिव्याची वायर जोडतो. पखवाजवाला परातीत कणीक मळत बसतो. ही कणीक पखवाजाच्या डाव्या अंगाला थापायची असते, तिच्याशिवाय तो घुमत नाही. आणि दर खेपेला ताजीच लागते. बाकीचे टाळ घेऊन दोन रांगांत समोरासमोर. गजर झाला, रूपाचे अभंग झाले, की मग पाळी सुरू. ज्याच्या गळ्यात वीणा त्याने अभंग धरायचा, बाकीच्यांनी धृपद उचलायचे. त्याचा झाला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. मोठा लहानाच्याही पडतो. वीणा खाली ठेवायची नसते. सप्ताहात तर ती सात दिवस-रात्र कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते, तिचे पहारे लावतात, आणि पहाटेच्या पहाऱ्याला कोण उभा राहतो त्यावरून माणसाची परीक्षा होते.

इथे पैसे नाहीत, तिकीट नाही, आणि टाळ्याही नाहीत. एखाद्याचा आवाज फाटका असला तर टाळ जरा जोरात वाजवून त्याला झाकून घेतात. ही युक्ती मला फार आवडली. तिकडे आयर्लंड देशातही अशीच रीत आहे म्हणतात. गावच्या गुत्त्यात संध्याकाळी शेजारीपाजारी आपापले सारंगीसारखे वाद्य, बासरी, बकऱ्याच्या कातड्याची मोठी डफ घेऊन एका टेबलाभोवती बसतात आणि ज्याला जी चाल येते ती तो सुरू करतो. फरक एवढाच, की त्यांच्यासमोर बिअरचे पेले आणि आपल्यासमोर गुळाचा चहा. आमच्याकडे गुत्त्यात गेलेल्याला त्या रात्री वीणा मिळत नाही, आणि हा नियम मी अगदी वजनदार माणसालाही लागू झालेला पाहिला आहे.

विणेवरून आठवले. तिचा खालचा भोपळा पाहिलात का? हा भाजीचा नव्हे. कडू, जाड सालीचा. असे भोपळे आपल्या भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शिवारात पिकतात आणि मिरजेला जातात. तिथे शिकलगारांच्या घराण्यांनी, म्हणजे एके काळी हत्यारे घडवणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला घेतली. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळाले. मोठमोठ्या गवयांच्या मागे जो तंबोरा झणकारतो, त्याचे पोट आपल्या रानातले असू शकते. भोपळा पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याला मी हे कौतुकाने सांगितले, तर तो म्हणाला, "व्हय, पर औंदा दर काय निघंल?" प्रश्न रास्त होता.

आता थोडे इतिहासाकडे वळतो. बाराव्या शतकात हे कलचुरींच्या राजधानीचे गाव, बसवेश्वर इथेच राजा बिज्जळाच्या पदरी होते. पंधराव्या शतकात दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार उपाशी लोकांना मोकळे केले, आणि विठू महाराच्या रूपाने देवाने त्याची भरपाई केली, ही कथा तुमच्या घरातल्या आजीला पाठ असेल. कान्होपात्रा इथलीच. आणि चोखोबा इथेच गेले. 1338 साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि खाली चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. नामदेव आले, त्यांनी अस्थी शोधून पंढरीला नेल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, असे एका घरातले पाच जण अभंग रचणारे. जगात अशी घरे थोडीच निघतील. आणि या घराला देवळात प्रवेश नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. "भजनाला निमंत्रण नसते" असे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिले, ते सगळ्यांसाठी नेहमीच खरे नव्हते. एका गावात बैठक संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याबरोबर पायऱ्या उतरत होते. खालच्या पायरीपाशी थांबले आणि काठीने जागा दाखवून म्हणाले, "माझा बाप हितं बसायचा. आतलं धृपद हितनं उचलायचा. आवाज तर असा, की आतले लोक त्याच्यासाठी थांबायचे. पर वीणा काय पायरी उतरली न्हाई." 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा विठ्ठलाचे दार उघडले. खेड्यातल्या देवळांची दारे मात्र त्यानंतर एकेक करून, आपापल्या सवडीने उघडली. हे गृहस्थ आता त्याच देवळात पहिल्या रांगेत बसतात, वीणा त्यांच्याही गळ्यात येते. गळ्यात आली की ते पहिला अभंग चोखोबांचाच धरतात. तो चालू असताना ते पायरीकडे बघतात, हे माझ्या लक्षात आले आहे. बाकी कोणाच्या आले आहे की नाही, मी विचारलेले नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. एका शेतकऱ्याला मी डाळिंब लावायला सांगितले होते. त्याची ज्वारीची चांगली काळी पट्टी होती. भाव चढे होते, सगळेच लावत होते, मीही आकडे मांडून दाखवले. मुरमाड रानात शोभणारे ते झाड भारी जमिनीत लावायला नको होते, हे मला ठाऊक होते. पण त्याच्या उत्साहापुढे आणि माझ्या उद्दिष्टापुढे मी ते हळू आवाजात सांगितले. तिसऱ्या बहराला तेल्या आला. फळांवर काळे डाग, तडे. दोन पावसांत बाग हातची गेली. डोक्यावर कर्ज उरले. त्यानंतर तो मला रस्त्यात दिसला की मान फिरवून जायचा. चार-पाच वर्षे तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याची चूक होती असे मला आजही म्हणवत नाही.

मग 2012-13 चा दुष्काळ आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो भोगला आहे. चारा छावण्या उघडल्या, माणसे जनावरांबरोबर तिथेच राहू लागली. घरी बाया-पोरे, इकडे बाप्ये. दिवसभर ऊस-वैरणीची आणि टँकरची वाट पाहायची. रात्री करायचे काय? काही दिवसांनी कोणी टाळ आणले, कोणी एकतारी, पखवाजाच्या जागी पेंडीचा रिकामा डबा. गोठ्यांच्या दोन रांगांमध्ये बैठक सुरू झाली. निरनिराळ्या गावांची माणसे, त्यामुळे एकाच अभंगाच्या चार चाली. दक्षिणेकडच्या गावांतले काही जण मध्येच कानडी पद म्हणत, तर धनगर मंडळी बिरोबाची ओवी लावत. कोणी कोणाला हरकत घेतली नाही.

एका रात्री नोंदी तपासायला म्हणून मी गेलो आणि मागे बसलो. एकतारी त्या शेतकऱ्याच्या हातात होती. त्याने अभंग संपवला, उठला, लोकांमधून वाट काढत सरळ माझ्याकडे आला आणि एकतारी पुढे केली. बोलला काहीच नाही. ज्याच्या हाती ती येईल त्याने म्हणायचे, हा नियम. नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि त्याला तर अजिबातच नाही म्हणता येणार नव्हते. मी त्याच्या पाया पडलो, तो माझ्या पडला. मग मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला एक अभंग म्हटला. कसा म्हटला ते विचारू नका. दुसऱ्याच कडव्याला टाळ फार जोरात वाजू लागले, त्यावरून काय ते समजा.

सकाळी दात घासताना तो शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "औंदा पाऊस झालाच, तर डाळिंबाच्या रानात मालदांडी येईल का हो परत?" मी म्हटले, येईल; पण मुळ्या सगळ्या काढाव्या लागतील, खर्च आहे. या खेपेला ते मोठ्याने सांगितले.

आजकाल बैठका पूर्वीइतक्या भरत नाहीत, ही तक्रार जागोजाग ऐकू येते. काही अंशी खरी आहे. पोरे पुण्याला गेली. राहिलेल्यांच्या हातात फोन आहे, त्यात बसल्या जागी सगळे गवय्ये मिळतात. काही देवळांत कर्णा लावून ध्वनिफीत वाजवतात आणि माणसे ओट्यावर गप्पा मारतात. मला हे पटत नाही, तसे मी तोंडावर सांगितलेही आहे. पण दुसरी बाजूही पाहिली आहे. दोन-तीन गावांत बायकांची मंडळे झाली आहेत. जात्यावरच्या ओव्या जाते गेल्यावर कुठे जाणार, याची मला चिंता होती. त्यांतल्या काही चाली आता या मंडळांत टाळावर ऐकू येतात. कान्होपात्रेच्या गावात हे आधीच व्हायला हवे होते. आणि एका गावात आठवीतला मुलगा पखवाज शिकतो आहे. फोनवर बोल ऐकतो, मग आबांच्या पुढ्यात बसून वाजवतो. आबा म्हणतात, "फोन बोल शिकवतोय, कणीक किती मऊ मळायची ते न्हाई शिकवत."

तर याच. दिवाळीत आलात तर अमावास्येला हुलजंतीची महालिंगरायाची जत्रा गाठा. पालख्यांची भेट, ढोलांचा घुमारा आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले आभाळ. ते वर्णन पुन्हा केव्हातरी. शांत बैठक ऐकायची असेल तर मार्गशीर्ष-पौष बरा. स्वेटर घ्या, काळ्या रानातली थंडी हाडात शिरते. जेवण भाकरी, पिठले आणि शेंगाची चटणी. शेंगाची चटणी जपून घ्या, रात्री गळा लागतो. चपला बाहेर काढताना कोपऱ्यात ठेवा. मागे बसलात तरी चालेल, पण पाळी मागेही येते. तेव्हा निघताना एखादा अभंग पाठ करून या.