कासवाच्या पाठीवरील यंत्र आणि यतना

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे लांछन कासव आहे. मूर्तीच्या पादपीठावरील त्या चिन्हापुढे नित्य नतमस्तक होणाऱ्या श्रावकाला प्रत्यक्ष सागरी कासवाचे दर्शन मात्र क्वचितच घडते. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील रात्री ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत येते, शंभरच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पुन्हा समुद्रात नाहीशी होते. तिचा पुढील प्रवास दीर्घकाळ अज्ञातच होता.

जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे अशा एका मादीच्या कवचावर उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र चिकटवण्यात आले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ त्याच वर्षी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून दूर जात नाहीत. म्हणून कासव श्वासासाठी पृष्ठभागावर येते, तेव्हाच यंत्राचा संदेश उपग्रहाला मिळतो. यंत्राचा प्रत्येक संदेश त्या जीवाच्या एका श्वासाशी बांधलेला आहे.

येथे अहिंसाप्रेमी मन अडखळते. मुक्त पंचेंद्रिय जीवाला काही काळ रोखून धरायचे, त्याच्या पाठीवर परके ओझे द्यायचे, हे कोणत्या अधिकाराने? यंत्र हलके असते, कालांतराने गळून पडते, हे खरे; तरी त्या जीवाची संमती कोणी घेतलेली नसते. हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. कासवे मासेमारीच्या जाळ्यांत अडकून, श्वासाविना गुदमरून मरतात. त्यांचे मार्ग ठाऊक नसतील, तर कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यांत जाळी आवरायची हे कसे सांगणार? दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, ते याचसाठी. ईर्यासमिती पाळणारा साधू पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहतो. सागरात वावरणाऱ्या मानवाला तशी दृष्टी या यंत्रामुळे थोडीफार लाभते. मात्र मिळालेली माहिती केवळ नकाशावर राहिली, तर त्या जीवाला दिलेला त्रास निष्कारण ठरेल आणि त्याचा दोष पाहणाऱ्यांकडे येईल.

ताटात मासा नाही, म्हणून श्रावकाचे उत्तरदायित्वही संपत नाही. त्याने फेकलेली प्लॅस्टिकची पिशवी नाल्यातून, नदीतून त्याच समुद्रात पोहोचते.

एके दिवशी यंत्राचे संदेश थांबतात. बॅटरी संपली, यंत्र गळाले, की श्वासच थांबला, हे किनाऱ्यावरून नेहमी कळतेच असे नाही. सायंकाळच्या प्रतिक्रमणात सर्व जीवांची क्षमा मागताना त्या अदृश्य जलचराचेही स्मरण व्हावे. आणि दुसऱ्या सकाळी हातातील पिशवी कापडाची असावी.