एका रायफलीची निवड

आम्ही रायफल घेतली ही वार्ता गेल्या दिवाळीच्या फराळाला आमच्या स्नेहीमंडळींत फुटली, तेव्हां हातांतली चकली तशीच धरून एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांला विचारलें, "काय हो, कोणाशीं वैर वगैरे आहे काय?" वैर कोणाशींहि नाहीं. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, एरी सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर, आम्ही तीस वर्षें संसार थाटून आहों. शेजारी सज्जन आहेत. हरणें बागेंतील भाजी खाऊन जातात, तरी त्यांच्यावरहि आमचा राग नाहीं. रायफल घेतली ती कागदावर भोकें पाडण्यासाठीं. आमच्या कन्येला महाविद्यालयांत नेमबाजीचा नाद लागला आणि तिच्या मागोमाग आम्हांला. याच सरोवराच्या कांठीं कँप पेरी म्हणून स्थान आहे. तेथें १९०७ सालीं प्रथम राष्ट्रीय सामने भरले. तेथें एकदां आम्ही दोघें प्रेक्षक म्हणून गेलों आणि परत येतांना एक खूळ डोक्यांत घेऊन आलों. तयार उंची रायफल विकत घ्यावयाची नाहीं. एखादी साधी घेऊन तीच हळूहळू आपल्या मनासारखी घडवावयाची!

ज्यांना हें खूळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. बोल्टच्या रायफलीचा जीव एका पोलादी नळकांड्यांत असतो. त्यास ॲक्शन म्हणतात. त्याच्या पोटांत बोल्ट मागेंपुढें सरकतो, काडतूस आंत लोटतो, आणि दांडी खालीं दाबली कीं बोल्टाचे दांत खांचांत अडकून दार बंद होतें. पुढची नळी, खालचा दस्ता, चाप, वरची दुर्बीण, हें सारें बदलतां येतें. नळी तर कांहीं हजार गोळ्यांनीं झिजतेच. ॲक्शन तेवढी राहते. आमचें बालपण मिरजेस गेलें. पंढरपुराकडून आलेल्या भोपळ्यांच्या राशीपुढें बसून तंबोऱ्याचे कारागीर एकेक भोपळा टिचकीनें वाजवून बघत, तें आम्हीं कितीदां तरी पाहिलें आहे. खुंट्या बदलतील, तारा बदलतील, रंग पुन्हां चढेल. भोपळा मात्र एकदांच निवडावयाचा. एवढें पाहिलेल्या माणसानें तरी शहाणपणानें वागावें कीं नाहीं?

आम्हीं पहिली रायफल निवडली ती दस्त्यावरून! अक्रोडाचें लांकूड, त्यावर सुरेख रेघा, आणि किंमत हलकी. ती कोणाची होती तें सांगत नाहीं, कारण दोष तिचा नव्हता. तो नमुना निघणें बंद होऊन बरीच वर्षें झालीं होतीं. तिला बसेल असा दुसरा दस्ता कोणी करीत नव्हतें, आणि नवी नळी बसवावयाची तर ती मुद्दाम करून घ्यावी लागत होती. शिवाय आमची कन्या डावखुरी, आणि रायफल उजव्या हाताची. प्रत्येक गोळीनंतर डावा हात चापावरून काढून, वरून पलीकडे नेऊन, बोल्ट ओढावयाचा. तेवढ्यांत गाल दस्त्यावरून उठे आणि साधलेली बैठक मोडे. "होईल सवय," असें आम्ही म्हणालों. हें वाक्य आमच्या कानांना फार जुनें आहे. त्याविषयीं पुढें सांगूं.

चाप जड लागतो अशीहि तिची तक्रार होती. एका संध्याकाळीं आम्ही तळघरांत पेचकस घेऊन बसलों आणि स्क्रू फिरवून फिरवून चाप असा हलका केला कीं आम्हांला स्वतःचें कौतुक वाटलें. दुसऱ्या दिवशीं चांदमारीच्या मैदानावर कन्येनें काडतूस भरून दांडी खालीं दाबली मात्र, चापाला बोटहि लागलेलें नसतांना गोळी सुटली. नळीचें तोंड नियमाप्रमाणें समोरच्या बांधाकडे होतें, म्हणून ती मातींत गेली. क्षणभर मैदानावर कोणी बोललें नाहीं. तेथील अधिकाऱ्यानें रायफल मोकळी करून, बोल्ट काढून, आमच्या हातांत दिली आणि त्या दिवसापुरतें घरीं जावयास सांगितलें. त्याचा स्वर इतका सौम्य होता कीं त्यापेक्षां तो ओरडता तर बरें झालें असतें. गाडींत कन्या गप्प होती. घर जवळ आल्यावर एवढेंच म्हणाली, "बाबा, तुम्ही स्क्रू फिरवलेत हे मला सांगायला हवं होतं."

त्यानंतर चार महिने आमच्या घरांत रायफल हा शब्द उच्चारला गेला नाहीं. पुढें आमच्या सौभाग्यवतींनींच कोंडी फोडली. त्या म्हणाल्या, "तिला खेळायचं असेल तर चांगली घ्या. पण चापाला तुमचा हात लागता कामा नये." म्हणजे आमच्या सर्व हौसेवर प्रथम हें एक कलम आलें.

हें कलम घेऊन आम्ही एका वृद्ध बंदूक-कारागिराकडे गेलों. आम्हीं नेलेली सुधारणांची लांबलचक यादी त्यानें वाचली, घडी घालून परत दिली, आणि विचारलें, "यांतल्या कोणत्या वस्तूला तुम्ही हात लावणार नाहीं, तें आधीं सांगा." त्या दिवशीं आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. रायफली मात्र आम्ही निराळ्या डोळ्यांनीं बघूं लागलों.

आजच्या बहुतेक बोल्टच्या रायफलींचें गोत्र जर्मनीच्या पॉल मौझरनें १८९८ सालीं सिद्ध केलेल्या नमुन्यापर्यंत पोंचतें. १९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७० त्याच घराण्यांतली. १९६४ सालीं खर्च वांचविण्यासाठीं तिची घडण बदलली, तेव्हांपासून रसिक त्याआधींच्याच रायफली शोधीत फिरतात. अशी वस्तू कानशीनें घांसावयाची म्हणजे जुन्या पैठणीचे परकर शिवावयाचे! १९६२ सालच्या रेमिंग्टन ७०० चें तसें नाहीं. तिची ॲक्शन गोल नळीसारखी असल्यामुळें लेथवर सहज धरतां येते. तिला बसणारे दस्ते, चाप, नळ्या असंख्य कारखाने करतात. अमेरिकेच्या मरीन दलानें १९६६ मध्यें आणि सैन्यानें १९८८ मध्यें आपल्या नेमबाजांच्या रायफली तिच्यावरच बेतल्या. २०२० सालीं दिवाळें निघून त्या कंपनीचे तुकडे विकले गेले, तरी नमुना जिवंत आहे. इतर कारखाने त्याच मापाच्या ॲक्शन करतात. आम्ही मोहून गेलों होतों. पण कन्येनें जाहिरातींचीं पानें उलटून डाव्या हातासाठीं काय मिळतें तें तेवढें पेन्सिलीनें नोंदलें, आणि तो दर्या ओढ्याएवढा झाला. फिनलंडची टिक्का आमच्या मनांत फार भरली. तिचा बोल्ट लोण्यांतून सुरी जावी तसा चालतो. खरें म्हणजे ती जशी येते तशीच वापरावी, अशी आहे.

शेवटीं घेतली ती डाव्या हाताची सॅव्हेज ११०. हा नमुना १९५८ चा. दिसावयास ती मुळींच देखणी नाहीं. नळी जेथें ॲक्शनमध्यें शिरते तेथें एक मोठी चाकी आवळलेली असते, आणि कांहीं लोक तिला नळदुरुस्तीचें काम म्हणून हिणवितात. पण गुण त्या चाकींतच आहे. नळी जुनी झाली कीं चाकी सैल करून ती काढावी. नवी फिरवीत आणावी. एका मापकावर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि त्याहून किंचित् लांब अशा दुसऱ्यावर होतां कामा नये, इतकें जुळलें कीं चाकी आवळावी. पूर्वींच्या रिवाजाप्रमाणें यालाच लेथ व कारागीर लागत. आम्हीं ६.५ क्रीडमूर हें काडतूस पत्करलें, कारण .३०८ पेक्षां त्याचा खांद्याला धक्का कमी. दोन्ही काडतुसांची बूड सारखीच, ०.४७३ इंचाची, म्हणून पुढें.३०८ ची नळी बसविली तरी बोल्ट तोच चालतो.

आणि चाप! या रायफलीच्या चापाच्या मध्यें एक पातळ पातें असतें. तें बोटानें आधीं दाबलें गेल्याशिवाय, धक्का बसला तरी, गोळी सुटूं नये अशी आंत योजना आहे. दुकानांत आम्हीं तें कन्येला दाखविण्यापूर्वींच तिनें आम्हांला दाखविलें.

आज या गोष्टीला दोन वर्षें झालीं. यादींतली एकच सुधारणा आजवर झाली आहे. दुर्बीण उंच बसते म्हणून कन्येनें दस्त्यावर गालाखालीं नमद्याचे दोन थर चिकटविले. नळी कारखान्याचीच आहे. नव्या नळीचे पैसे काडतुसांत गेले. शंभर यार्डांवर कन्येच्या पांच गोळ्या पाऊण इंचांत बसतात, आमच्या दीड इंचांत. निदान गेल्या चैत्रापर्यंत बसत होत्या, तेंहि आमच्या जुन्या उजव्या हाताच्या रायफलीनें. तिचा चाप त्या कारागिरानें बदलून दिला आहे.

चैत्रांत एका रविवारीं कन्या दमून बांकावर बसली आणि म्हणाली, "बाबा, माझी घेऊन बघा." आम्हीं ती डाव्या खांद्याला लावली, डावा डोळा दुर्बिणीला आणला, आणि पांच गोळ्या झाडल्या. कन्येनें निरीक्षणाच्या दुर्बिणींतून कागद पाहिला, मग आमच्याकडे पाहिलें. "बाबा, तुम्ही डावखुरे आहात!" मिरजेच्या शाळेंतल्या लांकडी पट्टीची आणि "होईल सवय" म्हणणाऱ्या घरच्या मंडळींची गोष्ट आम्हीं तिला त्या दिवशीं पहिल्यानें सांगितली.