येते हं

किल्ल्यांचा आवाज एकच नसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. खुंटीवरून जुडगा उचलताना होणारा हलका, घुंगरू सांडल्यासारखा. मुठीत आवळला की गुदमरणारा. पर्समध्ये पडताना चष्म्याच्या डबीवर आपटून उमटणारा. आणि मग शेवटचा, दार ओढून घेतल्यावर कुलपात किल्ली दोनदा फिरते तेव्हाचा. खट्. खट्. हा शेवटचा आवाज आपण बाहेरून ऐकतो आणि ऐकता ऐकताच विसरतो, कारण तोवर आपण मनानं रस्त्याला लागलेलो असतो, रिक्षा मिळेल का, छत्री घेतली का, गॅस बंद केला ना. तोच आवाज आतून कसा ऐकू येतो, हे मला एके काळी चांगलं माहीत होतं. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते कुठेतरी खाली जाऊन बसलं होतं. वर काढलं भुरीनं.

भुरी माझी कुत्री. जात विचाराल तर कोथरूडची. 2020 सालच्या त्या सुनसान उन्हाळ्यात, जेव्हा रस्त्यावर माणसाचा आवाज आला तरी आपण खिडकीशी धावत होतो, तेव्हा ती आमच्या पार्किंगमध्ये एका झाकलेल्या गाडीखाली सापडली. दोनेक महिन्यांची, मातकट रंगाची, एक कान ताठ आणि दुसरा मध्येच मोडलेला. वर आणली ती राहिली. पुढचं दीड वर्ष मी घरातूनच कॉलेजचे तास घेतले. विद्यार्थ्यांना पडद्यावर माझा चेहरा दिसे आणि भुरीला टेबलाखाली माझे पाय. त्या पायांवर हनुवटी टेकून ती झोपायची, मी कुठल्याशा कादंबरीतल्या निवेदनाविषयी बोलत राहायची आणि तिच्या श्वासाची ऊब घोट्यावर येत-जात राहायची. त्या दीड वर्षात ती एकटी अशी कधी राहिलीच नाही. जगात माणसं दाराबाहेर जातात, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मग दिवाळीच्या आसपास कॉलेज पुन्हा भरू लागलं. मी साडी नेसले, किल्ल्या उचलल्या, 'शहाण्यासारखी राहा' म्हणून तिचं डोकं कुरवाळलं आणि दार ओढून घेतलं.

चार तासांनी परतले तेव्हा जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, ते जरा अवघडल्यासारखे होते. म्हणाले, "भुंकत नव्हती हो. रडत होती." दार उघडलं तर चौकटीला खालून वीतभर ओरखडे, पायपुसण्याच्या काथ्याच्या बटा घरभर, उंबऱ्याशी लाळेचं थारोळं आणि एका नखाला रक्त. मी रागावले. मोठ्यांदा रागावले. तिनं मान खाली घातली, कान पाडले, डोळे फिरवले. मला वाटलं, कळलंय हिला चुकलं ते.

काही कळलेलं नव्हतं. मांजर-कुत्र्यांच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवून सांगितलं की हा खोडसाळपणा नाही, सूड तर नाहीच नाही. ही घाबरलेली आहे. अंगाशी आलेल्या भीतीला शिक्षा करून काय मिळणार? आणि ते अपराधी तोंड? अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या अमेरिकी अभ्यासिकेनं 2009 साली ते तपासून पाहिलंय म्हणे. कुत्र्यानं गुन्हा केलाय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसेना. मालक रागावला की तो चेहरा उमटायचा, निरपराध कुत्र्याच्यासुद्धा. म्हणजे चार तास रडून दमलेल्या जिवानं दार उघडल्याचा आनंद करायचा, तर समोर मी कमरेवर हात ठेवून उभी. आठवलं की अजून कसंतरी होतं.

आणि मग सुरू झाली आमची शाळा. हिला शाळा म्हणायचं की खेळ, की एखादं व्रत, मला ठरवता येत नाही. पहिले कितीतरी दिवस मी कुठे गेलेच नाही. फक्त किल्ल्या उचलायच्या आणि मेथी निवडायला बसायचं. किल्ल्या उचलायच्या आणि पेपर वाचायचा. चपला घालून चहा प्यायचा. पर्स खांद्याला लावून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. सुरुवातीला त्या हलक्या आवाजासरशी ती ताडकन उठायची, छाती धपापायची, मोडका कानसुद्धा अर्धा उभा राहायचा. मी आपली मेथीची पानं खुडत बसलेली. दिवसातून वीसदा तो आवाज झाला आणि वीसही वेळा त्यातून काही निघालं नाही, तेव्हा कधीतरी त्यातलं भय पाण्यातल्या खडीसाखरेसारखं विरघळू लागलं.

त्यानंतर दार. उघडायचं, मिटायचं. बाहेर पाऊल टाकून पाच आकडे मोजायचे आणि आत यायचं. मग दहा. मग अर्धा मिनिट. अट एकच, तिची भीती जागी व्हायच्या आत परतायचं; रडू फुटल्यावर येणं म्हणजे उशीर. आत फळीवर जुना मोबाइल तिच्याकडे तोंड करून ठेवलेला आणि बाहेर जिन्याच्या चौथ्या पायरीवर मी, हातातल्या मोबाइलवर माझ्याच घराचा उंबरा बघत. पायरी गार असायची. दुपारी जिन्याच्या जाळीतून उन्हाचे तुकडे पडायचे आणि हळूहळू सरकत माझ्या पावलांवर यायचे. एवढा निवांतपणा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

समोरच्या काकूंनी एकदा विचारलं, "किल्ली विसरलात का?"

"नाही हो. हिला एकटं राहायला शिकवतेय."

काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या आणि पदर सावरून माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मी बाहेर जाताना रेडिओ चालू ठेवून जाते. आल्यावर कुलूप काढताना आतून कुणीतरी बोलत असतं." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेही रेडिओ लागू लागला. कॉलेजला जाणं भाग होतं त्या दिवसांत भुरी त्यांच्याकडेच राहायची, त्यांच्या रेडिओखाली. तिला एकटं राहायला शिकवायचं, तर शिकून होईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. विचित्र वाटतं ना? पण तसंच आहे ते. पोहायला शिकणाऱ्याला मधेमधे कुणी विहिरीत ढकलून देत नाही. (आमच्या गावाकडे देत असत, पण त्यातले निम्मे आजही पाण्याला भितात.)

अशाच एका दुपारी, त्या पायरीवर, मला आई आठवली.

आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. आई रोज आठ-काहीच्या लोकलनं मुंबईला ऑफिसात जायची. मी अगदी लहान असताना आजी मला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायची आणि म्हणायची, "तो बघ काऊ! कसा बसलाय बघ तारेवर!" मी काऊ बघेपर्यंत मागच्या मागे आई नाहीशी झालेली असे. काऊ उडून जायचा, मी वळायचे आणि घर रिकामं. तुम्हालाही कुणीतरी दाखवलाच असेल असा काऊ. आपल्याकडे बहुतेक घरांत आया अशाच कावळ्याच्या आडून कामावर गेल्या आहेत, कुणाचा त्यात दोष नाही. पण अजूनही कुणी मला "ते बघ" म्हणालं, की मी आधी मागे वळून बघते.

मी सहा-सात वर्षांची असताना आजी गेली. माझी शाळा दुपारची. आई गेल्यापासून शाळेची वेळ होईपर्यंत घरात मी एकटी राहणार होते. बाहेरून कडी, आणि काही लागलं तर शेजारच्या मावशींना हाक मारायची. ती कडी मला अजून ऐकू येते. लोखंडाची, जड, कोयंड्यात पडताना खळ्ळकन वाजणारी. मग लाकडी जिना. नवव्या पायरीला एक कुरकुर होती. ती आली की समजायचं, आई आता खालच्या वळणावर. मग चपलांचा आवाज, मग तो इतर चपलांत मिसळलेला, मग नुसताच रस्ता. मी दाराला कान लावून त्या रस्त्यातून आईची पावलं निवडून काढायची, तांदळातून खडे काढावेत तशी. माझ्या माणसाच्या कानांना एवढं ऐकू येत होतं, तर भुरीला काय काय येत असेल! जिना, फाटक, माझ्या स्कूटरचा तो खोकला, कोपऱ्यावरचं वळण, आणि त्याच्याही पुढे जिथे माझ्या लेखी आवाज संपतो तिथून सुरू होणारं काहीतरी.

पण पायरीवर मला आठवली ती कडी नव्हे. आठवले ते कडीच्या आधीचे काही दिवस. आजी गेल्यावर आईनं थोडी रजा घेतली होती, आणि त्या रजेत ती सारखी काहीतरी विसरायची. कोथिंबीर विसरली म्हणून जायची आणि लगेच यायची. गिरणीतून दळण आणायची, मग पिशवी तिथेच राहिली म्हणून पुन्हा जायची. पोस्टात जाऊन यायची. दर वेळी दारात उभी राहून, माझ्याकडे नीट बघत, "येते हं" म्हणायची. कावळा नाही की काही नाही. आणि यायची. मला तेव्हा वाटायचं, आजी गेल्यानं आई विसराळू झाली.

पाच आकडे. दहा आकडे. अर्धा मिनिट.

मी चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिले. कुणी शिकवलं असेल तिला? की खरंच विसरत होती? विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायला कुणी नाही.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. लहानपणी चुकून म्हटलं तर मोठी माणसं दटावायची, "जाते नाही, येते म्हणावं." अपशकुनाची भीती असेल त्यामागे. पण भुरीला शिकवताना मला त्या शब्दाची निराळीच गंमत वाटू लागली. निघण्याच्या क्षणीच परतण्याचं क्रियापद वापरायचं. आणि तो शब्द खरा करायला आधी पाच सेकंदांत यायचं, मग पाच मिनिटांत, मग भाजी घेऊन, मग चार तास घेऊन. एकदम चार तासांचं 'येते' कुणाचा विश्वास बसण्यासारखं नसतं.

सगळं काही सरळ झालं नाही. अकराव्या मिनिटाला ती पुन्हा दाराशी जाऊन कण्हू लागली तेव्हा आम्ही मुकाट्यानं चार मिनिटांवर आलो. गोठवलेलं दही भरलेलं रबरी खेळणं मी निघताना ठेवायची. कित्येक दिवस ते तसंच वितळून जायचं. घाबरलेल्याला घास उतरत नाही. ज्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर तिनं ते पहिल्यांदा चाटलं, त्या दिवशी मी पायरीवर एकटीच हसले. काहींना महिनोन्‌महिने लागतात, काहींना गोळ्याही द्याव्या लागतात, त्यात कमीपणा कसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पहिला अर्धा तास सर्वांत अवघड. तो अर्धा तास ओलांडायला आम्हाला सबंध हिवाळा लागला.

तिला अंथरायला मी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढून दिली. चाळीतल्या त्या सकाळी मीही हिच्यावरच पडून राहायचे. तिच्यात आईचा वास होता. आता त्यात आईचं काही उरलं नसेल, असं मला वाटत होतं. पण भुरीनं पहिल्या रात्री ती इंच इंच हुंगली, एका कोपऱ्याशी फार वेळ थांबली आणि तिथेच वेटोळं केलं. त्याच हॉरोविट्झबाईंनी एक सुंदर कल्पना मांडली आहे. आपण गेल्यावर घरातला आपला वास तासातासानं फिका होत जातो, आणि आपण रोज ज्या वेळी परततो त्या वेळी तो किती फिका असतो हे कुत्र्याला ओळखीचं होत असेल. म्हणजे भुरीच्या घरातलं घड्याळ मीच. सकाळी गडद, दुपारी विरळ, आणि मी दारात येते तेव्हा संपत आलेली.

परवा कॉलेजात बैठक लांबली. चार तास होत आले होते. जिना चढताना मी नेहमीसारखे कान टवकारले. आतून रेडिओवर कुणीतरी पावसाचा अंदाज सांगत होतं. किल्ली दोनदा फिरवली, दार उघडलं. उंबऱ्याशी कुणी नव्हतं. खेळणं चाटूनपुसून लखलखीत करून सोफ्याखाली ढकललेलं. भुरी गोधडीवर उताणी. तिनं एक डोळा उघडला, शेपूट दोनदा जमिनीवर आपटली आणि डोळा मिटून घेतला.

मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. हातातली पिशवी घेऊन मी दारात क्षणभर तशीच उभी राहिले. मग चपला काढल्या आणि जुडगा खुंटीला अडकवला. तो हलका आवाज झाला. तिचा मोडका कानसुद्धा हलला नाही.