शून्य पाऊस आणि रिकामा अ‍ॅरे

मंडळी, आज जरा तांत्रिक. पण घाबरू नका, कोड नाहीये... कारण लॅबव्ह्यूमध्ये प्रोग्रॅम लिहीत नाहीत, काढतात! चौकोन ठेवायचे, तारा जोडायच्या. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं १९८६ साली मॅकिंटॉशवर आणलेलं हे प्रकरण (कंपनी २०२३मध्ये इमर्सनच्या पोटात गेली) मोजमापाच्या कामात अजून ठाण मांडून आहे. जावावाल्या मित्रांना ते खेळणं वाटतं. वाटू दे.

तर, फॉर लूप म्हणजे पडद्यावरची एक चौकट. आतली तार चौकट छेदून बाहेर जाते तिथे एक बारका चौकोन उमटतो, त्याला म्हणतात टनेल. लूप २४ वेळा फिरला, तर बाहेर आकडे किती यावेत? एक की चोवीस? ते टनेल ठरवतं. चौकोन भरीव असेल तर फक्त शेवटचा आकडा. आत चौकटी कंस दिसला तर प्रत्येक फेरीचा आकडा ओळीनं साठतो आणि लूप संपल्यावर अख्खा अ‍ॅरे बाहेर येतो. तारसुद्धा जाड होते. हे ऑटो-इंडेक्सिंग. फॉर लूपमध्ये आपसूक असतं, व्हाइलमध्ये आपण लावायचं.

शिफ्ट रजिस्टर वेगळं. ते समजवायला मला अणदूरचा खंडोबा बरा पडतो :) मूर्ती एक, देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देव निघाला की मागे दुसरी मूर्ती उरत नाही. शिफ्ट रजिस्टरचंही तेच, या फेरीचा आकडा उजव्या कडेला ठेवला की पुढच्या फेरीत तो डावीकडून आत येतो. आकडा एकच, मागचे साठत नाहीत. चालू बेरजेला झकास. फक्त सुरुवातीची किंमत जोडायला हवी, नाहीतर प्रोग्रॅम चालूच राहिला तर कालची बेरीज आज पुढे सुरू!

काही जण शिफ्ट रजिस्टरमध्येच अ‍ॅरे ठेवतात आणि दर फेरीला ‘बिल्ड अ‍ॅरे’नं एक घर वाढवतात. चालतं. पण अ‍ॅरे मोठा होत गेला की जागा पुरत नाही, नवी शोधून सगळं उचलून न्यावं लागतं. लाखभर फेऱ्यांत मशीन धापा टाकतं. २०१२च्या आवृत्तीपासून टनेललाच अट लावता येते, त्यामुळे निवडक आकडे साठवायलाही या उचलाउचलीची गरज उरलेली नाही.

असो. हे सगळं सांगायचं कारण पाऊस.

आमच्या धाराशिवकडे पावसाचा आकडा नुसता गप्पांचा विषय नसतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. उलट २०२३च्या खरिपात २१ दिवसांचा खंड पडला की नाही, यावर विम्याच्या गप्पा गावोगाव. म्हणजे ‘०’ हासुद्धा आकडाच, आणि महाग आकडा.

आता समजा, पर्जन्यमापकाकडून तासागणिक नोंदी येतात आणि जितक्या नोंदी तितक्या फेऱ्या. रात्री धो धो पाऊस, वीज गेली, नोंद एकही नाही. लूप शून्य वेळा फिरला. भरीव टनेल काय देईल? मुकाट्यानं ०. ना एरर, ना इशारा. शेतात गुडघाभर पाणी आणि कागदावर कोरडा दिवस! अ‍ॅरेवालं टनेल मात्र रिकामा अ‍ॅरे देतं. पण गंमत बघा, त्या रिकाम्या अ‍ॅरेची ‘अ‍ॅड अ‍ॅरे एलिमेंट्स’नं बेरीज केली की परत ०च. म्हणजे इतकं जपलेलं ‘काहीच आलं नाही’ हे एका बेरजेत पुसलं जातं.

म्हणून बेरजेआधी ‘अ‍ॅरे साइज’ लावायचं. साइज ० आली तर रकान्यात ‘नोंद नाही’. आणि २४ऐवजी १९ आली तर ते १९सुद्धा शेजारी छापायचं. कारण १९ तासांच्या नोंदींचे ४८ मिलिमीटर म्हणजे दिवसाचे ४८ नव्हेत, कमीत कमी ४८. उरलेल्या पाच तासांत ६५ची रेघ ओलांडली गेली का, हे मग शेजारच्या मापकावरून आणि शेतात जाऊनच बघावं लागतं.