दोन आठवड्यांचे पाहुणे

आसेगाव म्हटलं की मंगरूळपीर तालुक्यात बहुतेकांना आधी पोलीस ठाणं आठवतं. आमच्या घरात मात्र आसेगावच्या जुन्या गोष्टी निघाल्या की त्या हमखास वाशीमच्या रस्त्याला लागत, आणि वाशीमला पोचल्या की मिशनच्या दवाखान्यात शिरत. आजीच्या पिढीत बाळंतपण अडलं, हात मोडला, ताप उतरेना, की शेवटचा उपाय तोच. तिथली गोरी डाक्टरीनबाई मराठीत रागावते, याचं आजीला फार अप्रूप. औषध काय, कोणीही देईल. पण परक्या मुलखातून येऊन आपल्या भाषेत आपल्यावर ओरडायचं, ही तिला खरी आपुलकी वाटायची. बरी होऊन घरी आली की नवस मात्र ती मंगरूळच्या बिरबलनाथ महाराजांना फेडायची. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, आणि दवाखान्यालाही अशा बायांची सवय झाली असावी.

त्या दवाखान्याचं नाव रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द नाझरीन या पंथाचं. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या आणि १९३८ मध्ये त्यांनी वाशीमला हा दवाखाना सुरू केला. वाशीम तेव्हा वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात होतं. स्वतःचा जिल्हा मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं. स्पायकरबाई आल्या त्या राहिल्याच. पुढची काही दशकं त्यांनी इथेच काढली. जीन डार्लिंग नावाच्या परिचारिका आल्या, त्यांनी मुलींना शुश्रूषा शिकवली. पण मला सगळ्यांत जास्त थक्क करते ती डॉ. एव्हलिन विटॉफ यांची वाट.

१९४१ मध्ये विटॉफबाई आणि जेराल्डिन चॅपेल नावाच्या परिचारिका अमेरिकेहून भारताकडे निघाल्या. वाटेत युद्ध पेटलं आणि दोघी मनिलाला अडकल्या. जपान्यांनी तिथल्या सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात परदेशी नागरिकांची छावणी केली होती, तीत त्यांना डांबलं. १९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्यानं छावणी सोडवली तोवर आतली माणसं भुकेनं मरू लागली होती. एवढं भोगल्यावर कोणीही आपलं घर गाठून दार लावून घेतलं असतं. विटॉफबाई सावरल्या, पुन्हा निघाल्या आणि वाशीमला येऊन कामाला लागल्या. नकाशात वाशीम शोधायलाही ज्यांना भिंग लागलं असतं, अशा गावात पोचायला त्यांना तीन वर्षांहून जास्त लागली.

त्याआधीच्यांचं तर विचारूच नका. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ च्या फेब्रुवारीत निघाले, ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला लागले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला टपलेलं होतं. हॉल तेरा वर्षं राहिले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीनं वाटेतच गेले. वयाच्या चाळिशीत नुकतेच शिरले होते. या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी कधी लपवला नाही, आणि तो आपल्याला पटो न पटो, त्यासाठी त्यांनी स्वतःचा जीव गहाण टाकला होता हे मान्य करावंच लागतं.

आता वाट सोपी झाली आहे. शिकागोहून निघालेला तरुण एका दिवसात मुंबईला, दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात. दोन आठवड्यांची मिशन-सफर ही अमेरिकेतल्या चर्चच्या वार्षिक कार्यक्रमातली नेहमीची बाब झाली आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अंदाज केला होता, की वर्षाला सोळा लाखांच्या आसपास अमेरिकी अशा फेरीवर देशाबाहेर जातात. एवढी माणसं तर आपल्या अख्ख्या वाशीम जिल्ह्यातही नाहीत. नाझरीन मंडळींचाही असा उपक्रम आहे, वर्क अँड विटनेस नावाचा: गट करायचा, वर्गणी काढायची, परदेशात जाऊन भिंती उभारायच्या, रंग द्यायचा, आणि परतायचं.

असा एक गट मी आमच्या भागातल्या एका गावी पाहिला आहे. कोणत्या चर्चचा ते सांगायची गरज नाही, पोरं गोड होती. एकसारखे टीशर्ट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, नाकाचे शेंडे उन्हानं लाल. त्यांनी शाळेच्या दोन खोल्या रंगवल्या. गावातले दोन रंगारी पारावर बसून ते कौतुकानं बघत होते. त्यांना त्या आठवड्यात काम नव्हतं. पोरांनी हात धुवायचं गाणं शिकवलं, लहानग्यांना कडेवर घेऊन फोटो काढले, निघताना खरोखर रडली. पुढे एका म्हातारीला मी विचारलं, कसे होते पाहुणे? ती म्हणाली, “पोट्टे लय चांगले होते बापा. पन भितीचा रंग त पयलाच बरा होता.”

या म्हातारीच्या बोलण्याला अभ्यासाचं पाठबळ आहे, हे तिला ठाऊक नसणार. १९९८ मध्ये मिच नावाच्या चक्रीवादळानं होंडुरास उद्ध्वस्त केला, तेव्हा उत्तर अमेरिकेतून असे गट घरं बांधायला लोटले. कर्ट व्हेर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञानं नंतर हिशोब मांडला. प्रवासखर्च धरला तर पाहुण्यांनी बांधलेलं एक घर साधारण तीस हजार डॉलरला पडलं. तसंच घर तिथली स्थानिक ख्रिस्ती संस्था दोन हजारात बांधत होती. घरात राहणाऱ्यांना ते कोणी बांधलं यानं फारसा फरक पडला नव्हता. आणि परतलेल्या पाहुण्यांचं आयुष्य बदलतं म्हणतात, तेही फारसं बदललेलं व्हेर बीक यांना दिसलं नाही.

त्याच्याही बरंच आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. भाषण कडवट आहे, आणि स्वतः परका असलेल्या माणसानं ते करावं यात गंमतही आहे. पण त्यातली शिकायला यायची सूट मला मोलाची वाटते.

कायद्याची एक गाठही यात आहे. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. वऱ्हाड त्याच राज्यात असल्यामुळे वाशीमही तिच्या कक्षेत आलं. १९५६ च्या अहवालात, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, अशी शिफारस होती. पुढे परदेशी मिशनऱ्यांना इथे राहणं अवघड होत गेलं. आज पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा. परदेशी डॉक्टरालाही परवानगीशिवाय रुग्ण तपासता येत नाही. म्हणजे जे चाळीस वर्षं राहून मराठीत रागावले असते त्यांची वाट अरुंद झाली, आणि दोन आठवडे हसून जाणाऱ्यांची रुंद. धोरण करणाऱ्यांना हेच हवं होतं का, कोण जाणे. दवाखाना मात्र त्यानं बंद पडला नाही. तो चालवणारे हात हळूहळू इथलेच झाले होते.

पण नाकं मुरडण्याआधी आपल्या अंगणातही डोकावून बघावं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत १ मे रोजी महाश्रमदान व्हायचं. पुण्यामुंबईचे जलमित्र गाड्या करून यायचे. नव्या टोप्या, नवे हातमोजे, कुदळ उलटी धरलेली. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातांना फोड यायचे, आणि बांधावरच्या बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या. तरीही ते मला खटकलं नाही. चर आखलेला असायचा गावानं, सगळा उन्हाळाभर खणायचं असायचं गावानं, आणि शहरी माणूस एक दिवस दुसऱ्याच्या कामात हातभार लावून जायचा. बाबा आमट्यांनी चंद्रपूरकडच्या सोमनाथला मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीत तर कसलाच आडपडदा नव्हता. पोरं आठवडाभर दगड उचलत, त्यानं सोमनाथचं भलं होवो न होवो, पोरांचं व्हावं एवढीच अपेक्षा. इतका प्रामाणिकपणा चर्चच्या पत्रकात आला असता तर निम्मा वाद मिटला असता.

मुक्काम लांब म्हणजेच काम खरं, असंही मला म्हणवत नाही. तसं म्हणायला गेलो की गाडगेबाबा खराटा घेऊन आडवे येतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस एकाही गावात धड दोन दिवस टिकला नाही. यायचं, कोणाला न विचारता गाव झाडायला घ्यायचं, रात्री कीर्तन करायचं, भाकरी मागून खायची आणि पुढची वाट धरायची. दोन आठवड्यांचे पाहुणे त्यांच्यापुढे कायमचे रहिवासी वाटतील. फरक असा, की बाबा झाडत ती घाण त्यांच्या ओळखीची होती. कीर्तनात ते प्रश्न विचारत, उत्तरं गाव देई, आणि चूकही गावाच्याच तोंडून निघे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांचा कारभार विश्वस्तांकडे, बाबा स्वतः बाहेर. रंगाऱ्याचं काम त्यांनी कधी काढून घेतलं नाही.

हे सारं मला आताच सुचायचं कारण वेगळंच आहे. आमच्या जिल्ह्यातून अमेरिकेला गेलेल्यांची मुलं आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. अर्जात समाजसेवा दाखवायची असते. त्यांचं चर्च नाही, पण सफर तीच. काका, दोन आठवडे गावच्या शाळेत काही करता येईल का, असे फोन मलाही येतात. मी नाही म्हणत नाही. आधी विचारतो, मराठी वाचता येतं का? येत नसेल तर शाळेत शिकवायला नको, चौथीच्या वर्गात मागच्या रांगेत बसायला ये. मग सांगतो, रंगाचे डबे आणू नकोस. गावात रंगारी आहेत, त्यांना मजुरी दे. नर्सिंग शिकायला निघालेल्या एखाद्या पोरीची वर्षाची फी भर, तिच्याबरोबर फोटो काढू नकोस. दवाखान्यात जायचं असेल तर डॉक्टरांना भेटण्याआधी बाहेरच्या बाकावर सकाळभर बस आणि कोण कोणत्या गावाहून आलं, गाडीभाड्याला पैसे कुठून आणले, ते ऐक.

आणि आईबापांना एक विनंती. तुमच्या मुलांची सुट्टी जूनमध्ये असते हे माहीत आहे, पण जूनमध्ये त्यांना पाठवू नका. आसेगावात तेव्हा सोयाबीन-तुरीची पेरणी चाललेली असते, पाहुण्याजवळ बसायला कोणालाही सवड नसते. डिसेंबरात पाठवा.